ऑस्कर बार्नाक : कॅमेरा खिशात आणणारा मेकॅनिक

मागच्या वर्षी ऑफिसमध्ये माझ्याकडे एक छोटंसं काम आलं होतं. युजरने अपलोड केलेल्या फोटोंमधला एक्झिफ डेटा वाचून तो डेटाबेसमध्ये टाकायचा. एक्झिफ म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती. फोटो कधी काढला, कोणत्या फोनने काढला, शटर किती वेळ उघडं होतं वगैरे. ती सगळी फील्ड्स चाळताना एका नावावर मी थांबलो : 'फोकल लेंग्थ इन ३५ एमएम फिल्म'. फोटो तर फोनने काढलेला. फोनमध्ये फिल्म नाही, ३५ मिलिमीटरचं काहीही नाही. लेन्सची खरी फोकल लेंग्थ जेमतेम सहा-सात मिलिमीटर होती. तरी त्या फील्डमध्ये आकडा होता २६.

हा आकडा तुम्हीही पाहिला असेल. फोन घेताना स्पेसिफिकेशनमध्ये '२६ मिमी समतुल्य' असं लिहिलेलं असतं. महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत 'फुल फ्रेम सेन्सर' असतो आणि त्याचं माप असतं ३६ × २४ मिमी. हे माप कोणत्याही समितीने ठरवलेलं नाही. साधारण ११० वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका गावात, दम्याने त्रासलेल्या एका मेकॅनिकने स्वतःच्या सोयीसाठी ते निवडलं. त्याचं नाव ऑस्कर बार्नाक.

याच सुमारास घरी माळा आवरताना आजोबांचा जुना कॅमेरा सापडला. रशियन बनावटीचा झोर्की-४. बॅटरी नाही, लाइट मीटर नाही, ऑटोफोकस नाही. तो शिकता शिकता कळलं, की या कॅमेऱ्याचं घराणंही बार्नाकपर्यंतच जातं. म्हणून आज त्याची गोष्ट सांगतो. सोबत मॅन्युअल फोटोग्राफीची मूलतत्त्वंही पाहू, कारण बार्नाकने जे प्रश्न सोडवले तेच प्रश्न मॅन्युअल कॅमेरा हातात घेतल्यावर आपल्यासमोर येतात.

दमा आणि डोंगर

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी बर्लिनच्या दक्षिणेला ब्रांडेनबुर्ग भागातल्या लिनो नावाच्या खेड्यात झाला. पुढे कुटुंब बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डला राहायला गेलं. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. खगोलशास्त्राची उपकरणं बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करून तो प्रिसिजन मेकॅनिक झाला. त्या काळच्या जर्मन पद्धतीप्रमाणे उमेदवारी संपल्यावर गावोगावच्या वर्कशॉपमध्ये काम करत त्याने अनुभव घेतला. १९०२ मध्ये तो येना शहरातल्या कार्ल झाइस या प्रसिद्ध ऑप्टिक्स कंपनीत लागला.

येनाच्या आसपास थुरिंगियाचं जंगल आणि डोंगर आहेत. बार्नाकला भटकंतीची आणि फोटोंची आवड. पण तेव्हा फोटो काढणं म्हणजे हमालीचं काम होतं. त्याच्याकडे १३ × १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट वापरणारा कॅमेरा होता. एक फोटो म्हणजे एक काच. सहा फोटो हवे असतील तर सहा काचा, त्यांचे लाकडी होल्डर, वर कॅमेरा आणि ट्रायपॉड. हे सगळं पाठीवर घेऊन चढ चढायचा. त्यात याला दमा. आपल्यापैकी कोणी दम्याचा पेशंट जवळून पाहिला असेल, तर सपाट रस्त्यावरही त्याची काय अवस्था होते ते माहीत असेल.

म्हणजे बार्नाकपुढे दोनच पर्याय होते : एक तर फोटो सोडायचे, नाहीतर कॅमेऱ्याचं वजन कमी करायचं.

१९०५ च्या सुमारास त्याने एक प्रयोग केला. एकाच मोठ्या प्लेटवर बरेच छोटे छोटे फोटो घ्यायचे आणि नंतर हवा तो मोठा करायचा. कल्पना साधी होती : छोटा नेगेटिव्ह, मोठा प्रिंट. पण प्लेटवरचं रासायनिक द्रव्य जाड कणांचं होतं. छोटा फोटो मोठा केला की चेहऱ्यावर वाळू ओतल्यासारखं दिसायचं. प्रयोग फसला, पण कल्पना डोक्यात राहिली.

वेट्झलारची नोकरी

झाइसमध्ये एमिल मेखाऊ नावाचा एक सहकारी होता. तो सिनेमाच्या प्रोजेक्टरवर काम करायचा. पुढे तो वेट्झलार या गावातल्या अर्न्स्ट लाइट्झ कंपनीत गेला. लाइट्झ ही सूक्ष्मदर्शक बनवणारी कंपनी होती. कॅमेऱ्यांशी तिचा फारसा संबंध नव्हता. मेखाऊने तिथे बार्नाकचं नाव सुचवलं. तब्येत अशी, वारंवार आजारी पडणारा माणूस, नवी नोकरी घ्यावी की नाही हा प्रश्न होताच. शेवटी कंपनीने त्याला त्याच्या तब्येतीसकट घेतलं आणि जानेवारी १९११ मध्ये तो लाइट्झच्या प्रायोगिक विभागाचा प्रमुख म्हणून रुजू झाला.

इथे त्याला सिनेमाची फिल्म हाताळायला मिळाली. ही फिल्म ३५ मिलिमीटर रुंद, दोन्ही कडांना भोकं असलेली. १८९० च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेतून आलेलं हे माप तोपर्यंत जगभर रूढ झालं होतं. सिनेमाची फिल्म प्लेटपेक्षा बारीक कणांची होती, लवचिक होती, गुंडाळी करून खिशात ठेवता यायची आणि सहज मिळायची.

सिनेमात मात्र एक अडचण होती. त्या काळी आजच्यासारखे लाइट मीटर नव्हते. एक्सपोजर चुकलं तर ते फिल्म धुतल्यावरच कळायचं आणि तोपर्यंत कितीतरी मीटर फिल्म वाया गेलेली असायची. असं सांगितलं जातं की बार्नाकने छोटा कॅमेरा बनवण्यामागे हेही एक कारण होतं : त्याच फिल्मचा छोटा तुकडा वापरून आधी चाचणी घ्यायची. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण बिल्ड चालवण्याआधी एक छोटी टेस्ट.

२४ × ३६ कुठून आलं?

सिनेमाच्या फिल्मवर एक चौकट साधारण १८ × २४ मिमीची असते. फिल्म उभी धावते आणि प्रत्येक चौकटीला चार भोकं लागतात. बार्नाकने फिल्म आडवी धरली आणि चारऐवजी आठ भोकांची जागा घेतली. दोन चौकटी मिळून एक. १८ ची दुप्पट ३६, उंची तीच २४. झालं ३६ × २४.

हिशोब करून पाहा. १३ × १८ सेंमीच्या प्लेटचं क्षेत्रफळ २३४ चौरस सेंमी. ३६ × २४ मिमीचं क्षेत्रफळ ८.६४ चौरस सेंमी. म्हणजे नवा नेगेटिव्ह जुन्याच्या सत्ताविसाव्या भागाएवढा. नुसती एक चौकट घेतली असती तर तो चोपन्नावा भाग झाला असता आणि मोठा केल्यावर तपशील उरला नसता. दोन चौकटी घेणं हा वजन आणि स्पष्टता यांच्यातला तोडगा होता.

मार्च १९१४ मध्ये त्याने आपल्या वर्कशॉपच्या वहीत नोंद केली, की सिनेफिल्मवर चालणारा लिलिपुट कॅमेरा तयार झाला आहे. आज आपण याला 'उर-लायका' म्हणतो. जर्मन भाषेत 'उर' म्हणजे मूळ, आद्य. धातूची बॉडी, कोपरे गोलाकार, कोटाच्या खिशात जाईल एवढा आकार.

यात एक फार हुशारीची गोष्ट होती. फिल्म पुढे सरकवण्यासाठी जी मूठ फिरवायची, तिनेच शटरची स्प्रिंगही ताणली जायची. फिल्म सरकल्याशिवाय शटर तयारच होणार नाही. म्हणजे एकाच जागेवर चुकून दोन फोटो घेण्याची शक्यता संपली. सूचना लिहून युजरला सावध करण्यापेक्षा चूक करणंच अशक्य करून ठेवायचं, हे आज आपण चांगल्या डिझाइनचं लक्षण मानतो. बार्नाकने ते दातेरी चाकांनी केलं.

पण एक दोष राहिला होता. शटर ताणताना पडद्यातली फट फिल्मसमोरून उलटी जायची. त्या वेळी लेन्स उघडी असेल तर फिल्मवर प्रकाश पडायचा. म्हणून प्रत्येक फोटोनंतर लेन्सवर टोपण लावायचं, मूठ फिरवायची, टोपण काढायचं, मग पुढचा फोटो.

हे वाचलं तेव्हा मला माझा पहिला रोल आठवला. झोर्कीचा व्ह्यूफाइंडर लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. त्यामुळे लेन्सवर टोपण असलं तरी तुम्हाला बाहेरचं सगळं छान दिसत राहतं. मी एका रविवारी सकाळी मोठ्या उत्साहाने मंडईत गेलो, भाजीवाल्या मावशींपासून हमालांपर्यंत फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा पहिल्या अकरा चौकटी काचेसारख्या स्वच्छ होत्या. नेगेटिव्हवर स्वच्छ म्हणजे प्रकाश पोहोचलाच नाही. टोपण खिशात नव्हतं, लेन्सवरच होतं. दोष कॅमेऱ्याचा नाही, माझाच. आता रोल भरला की टोपण बॅगेच्या तळाशी जातं.

युद्ध, पूर आणि पहिले फोटो

बार्नाक नुसता यंत्र बनवून थांबला नाही, तो स्वतः त्याने फोटो काढत राहिला. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा वेट्झलारच्या रस्त्यावर सैन्यभरतीचा हुकूम चिकटवून निघालेला सैनिक त्याने टिपला. १९२० मध्ये लान नदीला पूर आला आणि गावात पाणी शिरलं, त्याचीही त्याने फोटोमालिका केली. कॅमेरा हातात धरून, ट्रायपॉडशिवाय, घडत असलेली गोष्ट एकामागून एक टिपायची. आज आपण फोनवर हे करतो आणि त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्या काळचे बरेच फोटो म्हणजे स्टुडिओत किंवा ट्रायपॉडसमोर ताठ उभी राहिलेली माणसं.

कंपनीचे वारसदार अर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांनीही १९१४ मधल्या अमेरिकेच्या प्रवासात एक नमुना सोबत नेला होता. त्यांना तो आवडला. पण युद्ध सुरू झालं आणि प्रकल्प पुढची काही वर्षं मागे पडला.

लेन्सचा प्रश्न

छोटा नेगेटिव्ह म्हणजे जास्त एन्लार्जमेंट. १३ × १८ सेंमीचा प्रिंट हवा असेल तर प्लेट जशीच्या तशी छापता येते, पण २४ × ३६ मिमीचा नेगेटिव्ह पाच पट मोठा करावा लागतो. लेन्समधला छोटासा दोषही पाच पट मोठा होतो. सिनेमाची तयार लेन्स चालली नसती, कारण ती एका चौकटीपुरता प्रकाश टाकायची. दुप्पट चौकटीचे कोपरे काळे किंवा धूसर आले असते.

हे काम माक्स बेरेकने केलं. तो लाइट्झमध्ये सूक्ष्मदर्शकांच्या ऑप्टिक्सवर काम करणारा शास्त्रज्ञ. त्याने ५० मिमी फोकल लेंग्थची, एफ/३.५ ची लेन्स तयार केली. थोड्या बदलांनंतर ती 'एल्मार' नावाने प्रसिद्ध झाली. वापरात नसताना ती कॅमेऱ्याच्या आत ढकलून ठेवता यायची, म्हणजे कॅमेरा पुन्हा खिशात. बार्नाकची गोष्ट सांगताना बेरेकचं नाव बऱ्याचदा मागे पडतं. पण ती लेन्स नसती, तर तो कॅमेरा एक सुबक खेळणं ठरला असता.

१९२४ चा निर्णय

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड दिवस. १९२३ मध्ये जर्मनीत महागाईचा कहर झाला. नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. लोकांची आयुष्यभराची बचत पावाच्या एका लादीएवढी उरली. त्याच सुमारास लाइट्झने या कॅमेऱ्याचे वीस-पंचवीस नमुने बनवले. यांना आज 'शून्य मालिका' म्हणतात. ते फोटोग्राफरांना वापरून पाहायला दिले. प्रतिक्रिया संमिश्र होत्या. काहींना हा कॅमेरा खेळणं वाटला. एवढ्याशा नेगेटिव्हवर गंभीर काम कसं होणार, हा त्यांचा सवाल होता.

१९२४ च्या जूनमध्ये कंपनीत बैठक झाली. एका बाजूला सूक्ष्मदर्शकांचा भरवशाचा धंदा. दुसऱ्या बाजूला असं उत्पादन, ज्याला बाजारपेठच नव्हती. त्यासाठी एन्लार्जर, प्रोजेक्टर, फिल्म भरायच्या डब्या, सगळी व्यवस्था नव्याने उभी करायची होती. कंपनीतल्या अनेकांचा विरोध होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पैसे बुडाले असते तर कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली असती. तासन्‌तास चर्चा झाल्यावर लाइट्झ यांनी निर्णय जाहीर केला : धोका पत्करायचा.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. मंदीत कारखान्यातल्या कुशल हातांना काम हवं होतं आणि हा कॅमेरा ते देऊ शकत होता. १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या व्यापारी जत्रेत तो लोकांसमोर आला. नाव ठेवलं 'लायका'. लाइट्झचं 'लाय' आणि कॅमेऱ्याचं 'का'. टोपणाची कटकट तोपर्यंत संपली होती. आता शटर ताणताना फट बंद राहायची.

शटर, अ‍ॅपर्चर आणि अंदाज

त्या पहिल्या लायकात मीटर नव्हता, फोकस दाखवणारी सोय नव्हती. तीनच गोष्टी फोटोग्राफरच्या हातात होत्या. माझ्या झोर्कीतही जवळपास त्याच आहेत, म्हणून त्या नीट समजून घेऊ.

पहिली, शटर. फिल्मच्या अगदी पुढे कापडाचे दोन पडदे असतात. बटण दाबलं की पहिला पडदा सरकतो, मागून दुसरा येतो. दोघांमधल्या फटीतून प्रकाश फिल्मवर पडतो. समजा, पडदा ३६ मिमी अंतर १/५० सेकंदात कापतो. मग फट ३.६ मिमीची ठेवली तर फिल्मच्या प्रत्येक बिंदूला १/५०० सेकंद प्रकाश मिळेल. म्हणजे जास्त वेगासाठी पडदे जोरात पळवायची गरज नाही, फट अरुंद केली की झालं. पहिल्या लायकात सुमारे १/२० पासून १/५०० सेकंदापर्यंत वेग मिळायचे.

दुसरी, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकार. एफ/१६ याचा अर्थ फोकल लेंग्थ भागिले १६. ५० मिमी लेन्सला एफ/१६ म्हणजे साधारण ३ मिमीचं छिद्र, एफ/३.५ म्हणजे १४ मिमीचं. आकडा वाढला की छिद्र लहान होतं. सुरुवातीला हे उलटं वाटतं. तो भागाकार आहे एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

तिसरी, फोकसचं अंतर. पहिल्या लायकाला अंतर मोजायचं वेगळं उपकरण वर अडकवावं लागायचं, नाहीतर डोळ्याने अंदाज. इथे अ‍ॅपर्चर मदतीला येतं. ५० मिमी लेन्स एफ/८ वर ठेवून फोकस ५ मीटरवर लावा. साधारण साडेतीन ते साडेनऊ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग रस्त्यावर फिरताना फोकसला हातच लावायचा नाही. माणूस त्या पट्ट्यात आला की बटण दाबायचं. हेच करत छोट्या कॅमेऱ्याने रस्ते टिपले गेले.

आणि प्रकाश? मीटर नसेल तर एक जुना नियम आहे. कडक उन्हात एफ/१६ लावा आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका. २०० ची फिल्म असेल तर १/२०० च्या जवळचा, म्हणजे १/२५०. हलके ढग असतील तर एफ/११, ढगाळ हवेत एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/५.६. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो. मी हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. प्रत्येक फोटोचा वेग, अ‍ॅपर्चर आणि ऊन कसं होतं तेही लिहितो. फिल्ममध्ये एक्झिफ नसतो, तो आपणच लिहायचा.

झोर्की वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना : शटरचा वेग बदलायचा असेल तर आधी फिल्म सरकवून शटर ताणा, मगच चकती फिरवा. उलट क्रमाने केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

पहिल्या रोलमध्ये टोपण काढल्यानंतरच्या पंचवीस चौकटींपैकी सात बऱ्या आल्या. तिसऱ्या रोलमध्ये छत्तीसपैकी वीस. फरक वहीमुळे पडला. एकदा आईचा खिडकीजवळचा फोटो काढायचा होता. ती म्हणाली, काढ की पटकन, किती वेळ लावतोस. फोनवर मी तेवढ्यात दहा काढले असते. इथे एक काढला, पण काढण्याआधी उजेड कोणत्या बाजूने येतोय ते पाहिलं. याआधी ते मी कधी पाहत नव्हतो, कारण फोन माझ्या वतीने पाहत होता.

शेवटची वर्षं

बार्नाक लायका बाजारात आल्यावर थांबला नाही. १९३० मध्ये लेन्स काढून दुसरी लावता येईल असा लायका आला. पुढच्याच वर्षी ३९ मिमीच्या आट्यांचं प्रमाणित माउंट झालं, म्हणजे कोणतीही लेन्स कोणत्याही बॉडीला बसू लागली. १९३२ च्या लायका-२ मध्ये रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला. खिडकीत दोन प्रतिमा दिसतात, लेन्स फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस बरोबर. अंतराचा अंदाज करायची गरज संपली. १९३३ मध्ये एक सेकंदापर्यंतचे संथ वेग आले, १९३५ मध्ये १/१००० सेकंद.

याच काळात जगभर त्याच्या नकला सुरू झाल्या. सोव्हिएत युक्रेनमधल्या खार्किवमध्ये १९३४ पासून लायका-२ ची नक्कल 'फेड' नावाने बनू लागली. महायुद्धानंतर त्यातूनच 'झोर्की' निघाला. म्हणूनच आजोबांच्या कॅमेऱ्याच्या लेन्सचे आटेही ३९ मिमीचेच आहेत. जपानमध्ये १९३४ च्या सुमारास 'क्वानॉन' नावाचा नमुना तयार झाला, तोही लायका समोर ठेवून. त्याच कंपनीला आज आपण कॅनन म्हणून ओळखतो. त्याच वर्षी कोडॅकने उजेडात भरता येईल अशी ३५ मिमी फिल्मची तयार डबी आणली. दुकानात आजही मिळते ती हीच.

बार्नाकची तब्येत आयुष्यभर नाजूकच राहिली. १६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्याचं निधन झालं. त्याने बनवलेल्या प्रकारच्या कॅमेऱ्याने पुढे काय काय टिपलं ते त्याला पाहता आलं नाही. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४८ मध्ये लायका घेऊनच दिल्लीत होता. गांधीजींच्या हत्येच्या काही वेळ आधी तो त्यांना भेटला होता आणि नंतर अंत्ययात्रेची गर्दी, शोक त्याने टिपला. तो क्षण काचेच्या प्लेट आणि ट्रायपॉड घेऊन तसा टिपता आला नसता.

१९७९ मध्ये बार्नाकच्या जन्मशताब्दीनिमित्त त्याच्या नावाने फोटोग्राफीचा पुरस्कार सुरू झाला. शून्य मालिकेतला क्रमांक १०५ चा कॅमेरा त्याचा स्वतःचा होता. जून २०२२ मध्ये लिलावात त्याला १.४४ कोटी युरो मिळाले. ज्या मालिकेला काही जणांनी खेळणं म्हटलं होतं, त्यातलाच हा एक.

आपल्यासाठी काय?

ही गोष्ट वाचून फिल्म कॅमेरा विकत घ्या असं माझं म्हणणं नाही. फिल्म महाग झाली आहे, धुऊन देणाऱ्या लॅब कमी उरल्या आहेत. मला रोल कुरिअरने दुसऱ्या शहरात पाठवावा लागतो. घरात, माळ्यावर जुना कॅमेरा असेल तर मात्र तो भंगारात देण्याआधी एकदा शटर ताणून बघा. टक असा आवाज आला आणि मागचं झाकण उघडून पडद्याला भोकं दिसली नाहीत, तर एका रोलचा प्रयोग करायला हरकत नाही.

कॅमेरा नसेल तर फोनवरही सुरुवात करता येते. बहुतेक फोनमध्ये प्रो किंवा मॅन्युअल मोड असतो. आयएसओ १०० वर अडकवा, दुपारच्या उन्हात बाहेर पडा. फोनचं अ‍ॅपर्चर सहसा बदलत नाही, त्यामुळे शटर हीच एक चावी तुमच्या हातात राहते. स्क्रीन न पाहता आधी वेग ठरवा, मग फोटो काढा, मग बघा अंदाज किती चुकला. असे छत्तीस फोटो काढा आणि तेवढ्यावर थांबा. छत्तीसच का? कारण ३५ मिमीच्या रोलमध्ये तेवढेच मावतात.

आणि मग त्या फोटोचा एक्झिफ उघडा. त्यात ते फील्ड दिसेल, फिल्म नसलेल्या फोनमध्ये ३५ मिमीच्या फिल्मचा हिशोब सांगणारं. तो आकडा का आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे.